छायाचित्रकाराचे इमान

फोटो कधी खोटे बोलत नाही, हे वाक्य आपल्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडी इतके रुळलेले आहे की, ते खरे आहे की काय याचा विचार करण्याची कोणास गरजच भासत नाही. न्यायालयात पुरावा म्हणून फोटो दाखल होतो, परदेशी जाणाऱ्याची ओळख फोटोवरून पटते, भिंतीवर आजे-पणजे फोटोच्या रूपाने राहतात, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी फोटोपासूनच सुरू होतात. चित्रकाराने रंगविलेल्या तसबिरीवर आपण एवढा भरवसा टाकीत नाही. चित्रकाराला हात असतो, आवडनिवड असते आणि बहुधा पैशाची गरजही असते, हे आपण जाणून असतो. छायाचित्रकारालाही या तिन्ही गोष्टी असतात. परंतु त्याच्या आणि वस्तूच्या मध्ये एक यंत्र उभे असते, आणि यंत्राला स्वार्थ नाही त्या अर्थी त्यातून निघालेल्या चित्रालाही तो नसावा, असे आपण न बोलता धरून चालतो.

हा विचार आमच्या मनात येण्यास एक निमित्त घडले. कोल्हापुरात महाद्वार रस्त्याच्या मागच्या अंगास एका बोळात तीन पिढ्या चाललेला एक फोटो स्टुडिओ काही महिन्यांपूर्वी बंद झाला. जुनी इमारत पाडून तेथे नवी व्हावयाची होती. आमच्या घरातील पुष्कळसे जुने फोटो याच ठिकाणी निघालेले असल्यामुळे आम्ही शेवटचे म्हणून तेथे गेलो. पुढच्या दालनात संगणक, छपाईचे यंत्र वगैरे आजचे सामान बांधून ठेवलेले होते. मागच्या खोलीच्या छपराला उत्तरेच्या बाजूने अजून काचा होत्या, आणि त्यांच्या खाली एका जाड तिवईवर मूळ मालकांच्या वेळचा मोठा कॅमेरा उभा होता. सागवानी पेटी, पितळी मळसूत्रे, पुढे भिंग, मागे घासलेली काच, आणि या दोहोंच्या मध्ये बाजाच्या पेटीला असतो तसा चामड्याचा भाता. इंग्रजीत याला व्ह्यू कॅमेरा म्हणतात. मालकांच्या नातवाने बोळाकडचे दार उघडून दिले, आणि आम्ही वय विसरून काळ्या कापडात डोके घातले. घासलेल्या काचेवर सारा बोळ उलटा लटकत होता. एक सायकलस्वार चाके आभाळाकडे करून सावकाश निघून गेला. रोज शेकडो वेळा पाहिलेली ती जागा. पण ती नीट अशी आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिली. उलटी असल्यामुळे तिची ओळख मोडली होती, आणि ओळख मोडली की डोळ्याला पाहण्याचे काम करावे लागते.

अशा कॅमेऱ्यावर पोट भरणे म्हणजे काय होते, हे आज सांगितल्याशिवाय कळावयाचे नाही. फुल प्लेट म्हणजे साडेआठ इंच लांब आणि साडेसहा इंच रुंद अशी काच. मागाहून घरोघर आलेल्या छोट्या कॅमेऱ्यांच्या फिल्मवरील एका चित्राच्या तुलनेने हिचे क्षेत्रफळ सुमारे चाळीसपट भरते. म्हणूनच तिच्यात लुगड्याच्या काठाचा एकेक धागा आणि म्हाताऱ्याच्या हातावरची एकेक शीर उतरत असे. परंतु एक काच म्हणजे एकच फोटो, आणि ती बिघडली की पैसे गेले. तेव्हा गिऱ्हाईक बसवावयाचे, पडदा लावावयाचा, काचांखालची कापडे ओढून उजेड हवा तेथे आणावयाचा, कापडाखाली जाऊन चित्र स्पष्ट करावयाचे. आणि हे सर्व झाल्यावर घासलेली काच बाजूला करून तिच्या जागी प्लेटची पेटी सरकवावयाची. या क्षणापासून छायाचित्रकाराला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. तो कापडाबाहेर येतो, कॅमेऱ्याशेजारी उभा राहतो आणि समोरच्या माणसाकडे आपल्या उघड्या डोळ्यांनी पाहतो. प्रत्यक्ष फोटो निघतो तेव्हा दोन माणसे एकमेकांकडे पाहत असतात. या बारीकशा गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो, कारण पुढील सर्व विवेचनात तिचा संबंध येणार आहे.

ही कला आपल्याकडे नवी नाही. यूरोपात १८३९ साली तिचा जाहीर बोलबाला झाला, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन होऊन डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपल्याकडील गृहस्थ तीत पुढाकाराने वावरू लागले. १८७१ साली कोरड्या प्लेटीचा शोध लागून पुढे त्या तयार मिळू लागल्यावर हा धंदा लहान शहरांतही शिरला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्यास व बडोद्यास हाच धंदा करीत होते, आणि कॅमेरा माणसातील प्राणशक्ती ओढून घेतो या लोकसमजुतीचा त्यांना त्रास झाला होता. कोल्हापुराला तर चित्रकारांचे गावच म्हणावयाचे. आबालाल रहिमान येथले. नाटकांचे पडदे रंगविता रंगविता स्वतःच्या हातांनी चलच्चित्राचा कॅमेरा तयार करणारे बाबूराव पेंटर येथले. ज्या गावात पडदा रंगविणारा आणि फोटो काढणारा शेजारी राहत होते, पुष्कळदा एकच होते, त्या गावाला छायाचित्रातील सत्यासत्याचा प्रश्न इतरांहून अधिक ओळखीचा असावा.

या पडद्यांचेच उदाहरण घ्या. जुन्या फोटोत आपले पणजोबा संगमरवरी कठड्याला टेकून उभे असतात आणि मागे तलाव, कारंजे, एखादा विलायती राजवाडा दिसतो. पणजोबांनी असा राजवाडा जन्मात पाहिला नव्हता, आणि तो फोटो पाहणाऱ्या कोणालाही त्यांनी तो पाहिला असेल असे वाटले नाही. पडदा खोटा होता, पण त्याने फसवले कोणालाच नाही. १९२० साली बाबूरावांच्या 'सैरंध्री'त कीचकवधाचा देखावा पाहून प्रेक्षक भयभीत झाल्याची हकीकत सांगतात. तरी कोल्हापुरात खून झाला अशी फिर्याद कोणी केली नाही. ज्या खोटेपणात दाखविणारा आणि पाहणारा दोघेही सामील असतात, त्याला असत्य म्हणणे म्हणजे नाटकातल्या राजाला तोतया म्हणून पकडण्यासारखेच आहे.

मग असत्य कोठे सुरू होते? सहज सुचणारे उत्तर असे की, यंत्राने जे टिपले त्यात छायाचित्रकाराने ढवळाढवळ केली की तेथे असत्य सुरू झाले. हे उत्तर सोपे आहे, परंतु जुन्या प्लेटीपुढे ते टिकत नाही. आरंभीच्या प्लेटींना निळा रंग तेवढा समजे. तांबडा समजत नसे. म्हणूनच तर अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली त्या धुता येत. याचा परिणाम असा की, कपाळावरचे लाल कुंकू फोटोत काजळासारखे काळे येई, लाल खणाची चोळी काळी येई, आणि सावळा चेहरा होता त्याहून कितीतरी काळा उमटे. आकाशाच्या निळाईचे मात्र पांढरे कोरे पान होई. म्हणजे ज्या यंत्राला स्वार्थ नाही असे आपण म्हणतो, त्याला पक्षपात मात्र होता, आणि तो आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या लोकांच्या विरुद्ध होता. छायाचित्रकार गिऱ्हाइकाच्या तोंडाला पावडर लावी, हे आपण हसण्यावारी नेतो. परंतु प्लेटीने केलेला अन्याय पावडरीने थोडासा भरून निघत असेल, तर खोटे कोण बोलले, पावडर की प्लेट? काहीही न करणे म्हणजे सत्य, हा समज येथेच सोडून द्यावा लागतो.

इमारतींच्या फोटोत हाच प्रश्न दुसऱ्या वेषाने भेटतो. कोल्हापूरचा न्यू पॅलेस १८८४ साली पुरा झाला. त्याचा घड्याळाचा मनोरा साध्या कॅमेऱ्यात बसवावयाचा म्हणजे कॅमेरा वर रोखावा लागतो, आणि तो वर रोखला की मनोऱ्याच्या दोन्ही कडा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात व सबंध राजवाडा मागे कलंडल्यासारखा दिसतो. मोठ्या कॅमेऱ्यात याला उपाय आहे. कॅमेरा सरळच ठेवावयाचा, मागची काच ओळंब्यात ठेवावयाची, आणि पुढचे भिंग तेवढे फळीसकट वर सरकवावयाचे. भाता वाकतो, मनोरा उभा राहतो. आता यातले खरे चित्र कोणते? खाली उभे राहून मान वर केली असता डोळ्यालाही त्या कडा जवळ येताना दिसतात. परंतु मनाला ठाऊक असते की भिंती उभ्या आहेत, आणि मन डोळ्याची चूक न सांगता दुरुस्त करते. भिंग सरकविणारा छायाचित्रकार मनाचीच बाजू घेतो. आमच्या मते त्याने सत्याला बाध आणला नाही. उलट राजवाडा बांधणाऱ्याने ओळंबा धरून जे केले, त्याची कागदावर साक्ष ठेवली.

ही साक्ष किती मोलाची असते याची एक हकीकत जर्मनीतील आहे. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण १८५८ साली वेट्झलार येथील एका भव्य प्रार्थनामंदिराची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला, आणि तेव्हापासून, जीव धोक्यात घालून जी मापे घ्यावयाची ती फोटोवरूनच का घेऊ नयेत, हा ध्यास त्याला लागला. १८८५ साली बर्लिनमध्ये सरकारने त्याच्यासाठी खास संस्था काढली, आणि मोठमोठ्या काचांवर इमारतींचे असे फोटो घेण्यात आले की त्यांवरून इंचाइंचाचा हिशेब लागावा. दुसऱ्या महायुद्धात त्यांतील कित्येक इमारती नष्ट झाल्या, तेव्हा त्या पुन्हा उभारताना या काचा कामी आल्या. आम्हांला हे आठवले ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीनंतर. शाहू छत्रपतींनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. होते तसेच ते पुन्हा व्हावे, असे जो तो म्हणू लागला. होते तसे म्हणजे कसे? प्रत्येकाच्या आठवणीतले नाट्यगृह वेगळे. अशा वेळी कोणीतरी कधीकाळी कॅमेरा ओळंब्यात ठेवून, भिंग सरकवून घेतलेला एक फोटो शंभर आठवणींहून अधिक बोलतो. तो घेणाऱ्याला त्या वेळी कदाचित चार रुपये मिळाले असतील.

परंतु जे भिंग मनोरा सरळ करते तेच दहा फुटांचे दुकान वाड्याएवढे करू शकते. मागची काच तिरकी केली की पुढे ठेवलेली वस्तू फुगते. पुढचे भिंग विशिष्ट कोनात झुकविले की मखमलीवर मांडलेला कोल्हापुरी साज पहिल्या मण्यापासून शेवटच्या मण्यापर्यंत सारखा लखलखतो. शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने १९०४ साली या कोनांचा नियम मांडला तो आकाशातून घेतलेले फोटो नकाशासाठी सुधारण्याच्या उद्देशाने. पण त्याचे मोठे गिऱ्हाईक ठरले जाहिरातदार. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जाहिरातीचा धंदा मोठ्या कॅमेऱ्याला सोडावयास तयार नव्हता, तो या अधिकारामुळे. वस्तू कोठे मोठी दिसावी, कोठे धूसर व्हावी, कोठे डोळ्यातून निसटावी, हे सर्व फोटो काढण्यापूर्वीच ठरविता येत असे.

येथे धंदेवाल्या छायाचित्रकाराची बाजू ऐकून घेणे न्यायाचे आहे. तो म्हणेल, वस्तू चांगली दाखविण्याचे मला पैसे मिळतात. वकिलाला तुम्ही दोष देत नाही, मग मलाच का? गुळाच्या ढेपेमागे दिवा ठेवून ती सोन्यासारखी पिवळी दाखविली तर ग्राहकाच्या जिभेचे मी काय नुकसान केले? हे अगदीच चूक नव्हे. मात्र आपल्याकडील काही गुऱ्हाळांत गूळ पिवळाधमक व्हावा म्हणून उसाच्या रसात रसायने पडतात, आणि पिवळ्या गुळाची ही हौस ग्राहकाला लागली कशी, हे शोधू गेल्यास त्या दिव्याचाही थोडा संबंध लागेल, अशी आमची शंका आहे. वकिलाची उपमाही पुरती लागू पडत नाही. वकिलाच्या समोर दुसरा वकील असतो, आणि न्यायाधीशाला दोघांचा धंदा ठाऊक असतो. छायाचित्राला विरुद्ध पक्ष नसतो. शिवाय चित्र निर्दोष असूनही असत्य घडू शकते ते निराळेच. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील एका प्रदर्शनात इटलीतील एका नामांकित पेढीच्या चपला जगाने पाहिल्या, आणि कोल्हापूरच्या चर्मकारांनी चित्र पाहताच आपले काम ओळखले. फोटोत काडीचाही खोटेपणा नव्हता. खाली कोल्हापूरचे नाव नव्हते, एवढेच. ते पुढे आरडाओरड झाल्यावर आले.

इतक्या उदाहरणांवरून आम्ही स्वतःपुरती एक कसोटी ठरविली होती. चित्रात फेरफार झाला की नाही हे पाहू नये; ते चित्र कोण पाहणार आणि कशासाठी त्यावर विसंबणार, हे पाहावे. पडद्यावरच्या राजवाड्यावर कोणी विसंबत नाही, म्हणून तो निर्दोष. नाट्यगृहाच्या उंचीवर पुढे कोणीतरी विसंबेल, म्हणून ती खरी हवी. गुळाच्या रंगावर ग्राहक विसंबतो, म्हणून दिवा जपून ठेवावा. कसोटी बरी होती. परंतु त्याच स्टुडिओत आमच्याच घरातील एका जुन्या गोष्टीने ती अपुरी ठरविली.

आमच्या आजीची धाकटी बहीण, जिला आम्ही मावशीआजी म्हणत असू, तिला लहानपणी देवी आल्या होत्या. ती वाचली, चेहऱ्यावर वण राहिले. आज हे वण नव्या पिढीने पाहिलेलेही नाहीत, कारण १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी आढळला नाही. परंतु त्या काळी घरटी एखादा तरी चेहरा असा असे, आणि मुलाचा असला तर चाले, मुलीचा असला तर चालत नसे. १९३९ साली तिच्या लग्नाच्या खटपटी सुरू झाल्या. गडहिंग्लजच्या एका स्थळाने फोटो मागविला. पणजोबा तिला घेऊन या बोळात आले. छायाचित्रकाराने तिला त्याच काचांच्या छपराखाली बसविले, फोटो घेतला, आणि पुढे आठ दिवसांनी जो फोटो दिला त्यात तिच्या चेहऱ्यावर एकही वण नव्हता.

हे काम कसे करीत ते सांगावयास पाहिजे. फोटो छापण्यापूर्वी काचेच्या निगेटिव्हवर एक पातळ रोगण देत, आणि अणकुचीदार शिसपेन्सिलीने, भिंगातून पाहत, ठिपक्याठिपक्याने तिच्यावर काम करीत. वणातली सावली निगेटिव्हवर पारदर्शक असते. ती पेन्सिलीने भरली की छापताना ती जागा उजळ निघते. धंद्यात याला टचिंग म्हणत. मावशीआजीच्या चेहऱ्याला त्या माणसाला दोन-तीन तास तरी लागले असतील. म्हणजे त्या तासांत तिचा प्रत्येक वण, तिच्या आईनेही पाहिला नसेल इतक्या बारकाईने, त्याने पाहिला, आणि एकेक करून बुजविला.

पुढे काय झाले ते तिने आमच्या आजीला सांगितले, आणि आजीने आम्हांला. गडहिंग्लजची मंडळी पाहावयास आली. मुलाच्या आईने पिशवीतून तो फोटो काढून आपल्या गुडघ्यापाशी सतरंजीवर ठेवला, एकदा त्याकडे पाहिले, एकदा मुलीकडे पाहिले, आणि तो उचलून परत पिशवीत घातला. कोणी एक वाईट शब्द बोलले नाही. पोहे खाऊन मंडळी गेली. पुढच्या वर्षी निपाणीच्या एका शाळामास्तरांशी तिचे लग्न झाले. त्यांनी फोटो मागितलाच नव्हता.

आमच्या कसोटीप्रमाणे छायाचित्रकार दोषी, यात संशय नाही: मुलाकडचे त्या फोटोवर विसंबणार हे त्याला ठाऊक होते. पण त्याच्या वतीने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. महाभारतात ज्या पाच ठिकाणी असत्य बोलल्याने पाप लागत नाही असे म्हटले आहे, त्यांत विवाह हे एक आहे. सत्याला अपवाद कोणते, याचा ऊहापोह लोकमान्यांनीही 'गीतारहस्या'त केलेला आहे. शिवाय, ज्या रोगात तिचा काही अपराध नव्हता त्याबद्दल तिला शिक्षा करणारा समाज सत्य ऐकण्याच्या योग्यतेचा होता काय? अन्यायाने विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर दिलेच पाहिजे, असे कोणता नीतिशास्त्रज्ञ म्हणेल? सावळ्या चेहऱ्याला पावडर लावणारा निर्दोष आणि वण बुजविणारा मात्र गुन्हेगार, हा भेद तरी कशाच्या बळावर करावयाचा? दोघांनीही एका कठोर नजरेपासून माणसाला वाचविण्याचा प्रयत्न केला, असे म्हणता येईल.

हे सर्व आम्ही मान्य केले असते. परंतु मुलाकडची मंडळी फसली नाहीत. फोटोने जिचे नुकसान झाले ती फोटोतली मुलगीच होती, आणि तिचा विचार आमच्या कसोटीत कोठेच नव्हता. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना निपाणीस तिच्या ट्रंकेच्या तळाशी तो फोटो आम्हांला सापडला. हौसेने तो तिच्यापुढे नेऊन आम्ही विचारले, "मावशीआजी, ही तू?" ती गहू निवडीत होती. फोटो हातात न घेता ती म्हणाली, "मी नव्हे रे ती. माझ्या बाबांना हवी होती ती आहे." आणि पुन्हा सुपात पाहू लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. आपल्याला असे कोणी होते, आपल्याच नावाचे, आपलेच लुगडे नेसलेले, जिच्या मानाने आपण नेहमी कमी पडलो, हे तिला त्या फोटोने पंधराव्या वर्षी सांगून टाकले होते. आरशाने तिला एवढे कधी सांगितले नव्हते.

आणि पणजोबांना तरी दोष कसा द्यावा? त्यांनी पदरमोड करून जास्तीचे पैसे दिले ते मुलीच्या मायेपोटीच. गिऱ्हाईक ते होते, बसलेली ती होती. छायाचित्रकाराने कॅमेऱ्याशेजारी उभे राहून तिच्याकडे पाहिले असेलच. तेव्हा त्याला काय दिसले असेल, आणि तुला हे असे हवे आहे काय, असा प्रश्न तिला विचारण्याचे त्याच्या मनात आले असेल काय, याचा विचार आम्ही हल्ली पुष्कळदा करतो. त्या काळी तसे विचारण्याची रीत नव्हती. मुलीला कोणी काहीच विचारीत नसे, तेव्हा छायाचित्रकाराने एकट्याने विचारावे अशी अपेक्षा करणे कदाचित जास्त होईल. तरीही, तिचा चेहरा त्या घरातल्या कोणाहून अधिक वेळ ज्याने न्याहाळला तो मनुष्य तोच होता, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

आमच्या परिचयातील काही तरुणांना हे सर्व ऐकून नवल वाटते. त्यांच्या हातातला फोन चेहऱ्यावरचा डाग न सांगताच पुसतो; पुष्कळदा पुसला हे त्यांना कळतही नाही. यावर, जुना मोठा कॅमेरा माणसाला प्रामाणिक करी आणि नवे यंत्र लबाड करते, असे म्हणण्याचा मोह वृद्धांना होतो. आम्हांलाही होतो. परंतु मावशीआजीचे वण बुजविणारा हात त्याच संथ, कष्टाच्या, एका काचेला जपणाऱ्या धंद्यातला होता, आणि आपल्या कामात निष्णात होता. फरक एवढाच दिसतो की, त्याला आपण काय पुसतो आहोत ते ठाऊक होते. आज ते कोणालाच ठाऊक नसते. यातली अधिक वाईट स्थिती कोणती, हे ठरविणे आम्हांला अजून साधलेले नाही.

मावशीआजी १९८६ साली वारली. तिचा दुसरा एकही धड फोटो घरात नव्हता, त्यामुळे तोच मोठा करून चंदनाचा हार घालून भिंतीवर लावला आहे. तिच्या पणत्या त्याखाली उभ्या राहून म्हणतात, किती सुंदर होती!

त्या दिवशी स्टुडिओतून निघताना कोपऱ्यात लाकडी खोक्यांत जुन्या प्लेटी रचून ठेवलेल्या दिसल्या. काच म्हणून त्या भंगारात जावयाच्या होत्या. मालकांच्या नातवाने आमच्या घराण्याचे आडनाव विचारले, वही पाहिली, आणि अर्ध्या तासाने एक पिवळे पडलेले पाकीट आणून हातात ठेवले. त्यावर पणजोबांचे नाव, साल, नंबर, आणि खाली पेन्सिलीने दोन शब्द होते: "चेहरा साफ". आतली काच उजेडाला धरली. चेहऱ्याच्या जागी असंख्य बारीक रेघांचे जाळे होते, कोष्ट्याने विणल्यासारखे दाट आणि सारखे.

"पेन्सिल वरच्या वर असतीया, साहेब," तो म्हणाला. "टर्पेंटाइनचा बोळा फिरवा, मिनिटात निघून जाईल. खालचं हाय तसंच असतंय. आजोबा म्हणायचे, आपण काचेला कधी हात लावला नाही."

आम्ही त्याला प्लेटीचे पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. काच घरी आणून मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. टर्पेंटाइनची बाटलीही आणलेली आहे. तिला विचारता आले असते तर प्रश्नच नव्हता. एकदा तिची थोरली नात येऊन काच पाहून गेली. पुष्कळ वेळ खिडकीशी उभी राहिली, आणि आणखी थोडे दिवस असेच राहू दे म्हणाली.